गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलण्याआधी पार्टची जागा बदला

सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा किंचित खाली जाऊन परत वर येतो, सायलेन्सरमधून अधूनमधून 'फट्' असा पोकळ आवाज येतो आणि चढाला गाडी ओढत नाही. बॉनेट उघडून क्षणभर कान दिला की मिस्त्री सांगतो, "साहेब, मिसिंग मारतीय. एक सिलिंडर काम करीना." इथपर्यंत बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. गडबड होते ती पुढच्या वाक्यात: "चारी प्लग, चारी कॉईल टाकून घेऊ, म्हणजे कटकट मिटली." कधी मिटते, कधी मिटत नाही. मिटली तरी नेमका बिघडलेला पार्ट कोणता होता हे कुणालाच कळत नाही, आणि बदललेल्या आठांपैकी सात चांगले पार्ट भंगारात जातात.

मिसिंग शोधायची एक पद्धत आहे. तिला महागडं मशीन लागत नाही, थोडी शिस्त लागते. आधी इंजिनात काय घडतं ते पाहू.

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल आत येणं, ते दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर जाणं हे चक्र चालतं. या चार टप्प्यांना क्रँकचे (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे लागतात. म्हणजे गाडी उभी असताना आरपीएम ८०० असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा पेट घ्यायला हवा आणि चार सिलिंडर मिळून १६०० वेळा. यातला एक सिलिंडर गप्प बसला की मिनिटाला ४०० ठोके रिकामे जातात. लेझमाच्या डावात एकाचा ठेका चुकला की बघणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. तुम्हाला स्टिअरिंगवर जाणवतं ते तेच. तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्या मुळातच जरा जास्त थरथरतात, त्यामुळे तिथे नवीन थरथर आणि जुनी थरथर यांत गल्लत करू नका.

पेट घ्यायला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य प्रमाण, पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडलेली ठिणगी. वजनाच्या हिशोबात १ भाग पेट्रोलला साधारण १४ भाग हवा लागते. ठिणगीसाठी बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉईल २० ते ३० हजार व्होल्ट करते आणि तो करंट प्लगच्या टोकाशी असलेली साधारण १ मिलिमीटरची फट ओलांडतो. तिन्हींपैकी एक बिघडलं तरी बाहेरून लक्षण तेच दिसतं. म्हणूनच नुसत्या आवाजावरून "प्लगच गेलाय" असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हे कळतं कसं? क्रँकजवळच्या सेन्सरमुळे. प्रत्येक वेळी पेट घेतला की क्रँकला एक धक्का मिळून त्याचा वेग क्षणभर वाढतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला हा धक्का आला नाही, त्याच्या नावावर ईसीयू एक मिस मांडून ठेवते. (खड्ड्यांचे धक्केसुद्धा चाकांवाटे क्रँकपर्यंत पोचतात. रस्ता खराब आहे की इंजिन, हे ठरवायला अनेक गाड्या एबीएसच्या चाकांच्या सेन्सरची मदत घेतात. आपल्याकडे त्या सेन्सरना पावसाळाभर भरपूर काम असतं.) मिस ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन लाइट लागतो.

हा लाइट स्थिर पेटून राहिला, तर आठवड्याभरात गॅरेजला दाखवा. पण तो लुकलुकत असेल, तर ॲक्सिलरेटर लगेच सोडा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल मोठ्या प्रमाणात सायलेन्सरच्या वाटेला लागलंय. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आत जाळीदार सिरॅमिकची वीट. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल या तापलेल्या विटेत जाऊन पेटतं, वीट वितळते आणि पुढे धुराची वाट तुंबते. सुरूर फाट्याजवळ लाइट लुकलुकायला लागला आणि "आता सातारा आलंच की" म्हणत गाडी रेटली, तर कॉईलच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च कन्व्हर्टरवर बसू शकतो. शिवाय कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा थर धुऊन काढतं, ते वेगळंच.

आता तपास. पहिला प्रश्न हा की मिसिंग नेमकी कधी येते? गॅरेजात गाडी सोडून येण्याआधी याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, कारण मिस्त्री गाडी दहा मिनिटं बघतो आणि तुम्ही रोज चालवता.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गाडी मऊ चालते, पण यवतेश्वरचा घाट लागला आणि तिसऱ्या गिअरला पाय दाबला की झटके मारते. असं असेल तर पहिला संशय कॉईल आणि प्लगवर. चढाला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडं असतं, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, त्यामुळे दाबही जास्त. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉईल दमलेली असेल, किंवा प्लगची फट झिजून वाढलेली असेल, तर ती सपाटीवर निभावून नेते आणि घाटात हात टेकते. कित्येकदा तर करंट फट ओलांडायची सोडून कॉईलच्या फाटक्या रबरातून शेजारच्या लोखंडावर उडी मारतो.

उलट, गाडी उभी असताना थरथरते पण हायवेला लागली की सुतासारखी सरळ, असं असेल तर प्लगच्या मागे लागू नका. कुठेतरी हवा चोरवाटेने आत शिरतेय का ते बघा: चिरलेला व्हॅक्युम पाइप, सुटलेली क्लिप, कडक झालेलं मॅनिफोल्डचं गॅस्केट. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन हवा घेतं थोडीशीच, त्यामुळे चोरवाटेच्या हवेचा वाटा मोठा पडतो आणि मिश्रण पातळ होतं. वेग वाढला की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. कधी आयडलची अशी थरथर नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हचीही असते, त्याकडे पुढे येऊ.

फक्त इंजिन तापल्यावर मिसिंग येत असेल तर कॉईलच्या आतली तार उष्णतेने साथ सोडतेय. फक्त सकाळी पहिला मिनिटभर येत असेल तर पेट्रोल फवारणारा एखादा इंजेक्टर रात्रभर ठिबकतोय, किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगमधून) कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय. कूलंट वरचेवर कमी होत असेल आणि सुरुवातीला पांढरा धूर बराच वेळ निघत असेल, तर दुसरी शक्यता बळावते. आणि गाडी धुऊन आणल्यावर मिसिंग सुरू झाली असेल तर फार डोकं चालवायची गरज नाही. प्रेशरचं पाणी प्लगच्या खोल खड्ड्यात साचलंय, कॉईल काढून एअरने ते उडवा.

यानंतर स्कॅनर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. बीएस ४ च्या काळापासूनच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली तो जोडायची जागा असते. एमआयडीसीतल्या गॅरेजांपासून गोडोलीतल्या लहान दुकानांपर्यंत आता स्कॅनर बऱ्याच जणांकडे असतो. फोनला ब्लूटूथने जोडायचा छोटा अडॅप्टरही मिळतो आणि या कामाला तो पुरतो. कोड असा वाचायचा: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, याच क्रमाने पुढे. पी ०३०० म्हणजे मिस कुठल्या एका सिलिंडरला बांधलेले नाहीत. आडव्या बसवलेल्या इंजिनात सहसा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला आणि गिअरबॉक्सकडचा शेवटचा.

कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंदही वाचा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिनावर लोड किती होता, कूलंट किती तापलं होतं, हे तिथे नोंदलेलं असतं. वर विचारलेल्या "कधी येते" या प्रश्नाचं उत्तर गाडीनेच लिहून ठेवलंय. दुर्दैवाने बरेच जण कोड वाचतात आणि ही नोंद न बघताच सगळं पुसून टाकतात.

पी ०३०२ एवढंच सांगतो की दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट घेतला जात नाही. का, ते सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, वायर, व्हॉल्व्ह, पिस्टनची रिंग, कुणीही असू शकतं. इथे अंदाजाने पार्ट विकत घ्यायचा नाही. आहे तोच पार्ट वेगळ्या सिलिंडरवर बसवायचा आणि दोष त्याच्यामागे जातो का ते बघायचं.

ज्या गाड्यांना प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, तिथे हे सोपं आहे. इंजिन बंद आणि थंड ठेवा. दुसऱ्या सिलिंडरची कॉईल काढून चौथ्यावर बसवा, चौथ्याची दुसऱ्यावर. कनेक्टरची क्लिप उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती हळू दाबा, ओढाताण करू नका. कोड पुसा. मग ज्या परिस्थितीत मिसिंग येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवा. घाटात येत असेल तर घाटातच न्या, गॅरेजच्या दारात रेस देऊन काही कळणार नाही. आता पी ०३०४ आला, तर दोष कॉईलसोबत चौथ्यावर गेला आणि नवीन कॉईल बिनधास्त घ्या. पुन्हा पी ०३०२ च आला, तर कॉईल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगवर करा.

एका वेळी एकच पार्ट हलवायचा. कॉईल आणि प्लग एकदम हलवले आणि कोड चौथ्यावर गेला, तर दोघांपैकी गुन्हेगार कोण ते कळणार नाही. घाईतला मिस्त्री हीच शिस्त मोडतो. एवढ्या कामाची वेगळी मजुरी मागितली तर द्या. चार नको असलेल्या कॉईलपेक्षा ती स्वस्तच पडते.

जुन्या गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉईल असते. चार सिलिंडरच्या इंजिनात जोड्या सहसा १-४ आणि २-३ अशा असतात. तिथे पहिला आणि चौथा एकदम गेले, तर दोन प्लग एकाच दिवशी मेले असं समजू नका. त्यांची सामाईक कॉईल बघा.

प्लग बाहेर निघालाच आहे तर तो नीट बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत चांगली. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर पडतेय. ऑईलने ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरट भाजलेला असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग जादा तापतोय. चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट वाफ होऊन जातंय असा संशय घ्या. पांढऱ्या पोर्सेलीनवर विजेसारखी वाकडीतिकडी काळी रेघ दिसली, तर करंट बाहेरून पळतोय. अशा वेळी प्लगसोबत कॉईलचं रबरही बदलावं लागतं, नाहीतर जुन्या रबरातली रेघ नवीन प्लगलाही वाट दाखवते. साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला झिजतात, इरिडियमचे १ लाखाच्या आसपास जातात. वय झालेलं असेल तर मात्र चारी प्लग एकदम बदलणं योग्यच. माझी हरकत न बघता बदलण्याला आहे. बसवताना आटे आधी हाताने लावा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, पान्याने वाकडा चढवलेला प्लग आटे खातो आणि मग काम लेथवाल्याकडे जातं.

प्लगच्या खड्ड्यात ऑईल साचलेलं दिसलं तर नुसती कॉईल बदलून घरी येऊ नका. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) सील गळतंय आणि ते ऑईल नवीन कॉईलचं रबरही फुगवून मऊ करेल.

आपल्या भागात सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांच्या मालकांकडे तपासाचं एक फुकटचं साधन आहे: गॅस-पेट्रोल बदलायचं बटण. मिसिंग गॅसवर येते आणि पेट्रोलवर जाते का? नुसतं "गॅसवर येते" एवढ्यावरून गॅसचा इंजेक्टर किंवा रेग्युलेटर बदलायला धावू नका. गॅस-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. क्रम असा ठेवा: आधी प्लग आणि त्याची फट, मग कॉईल, मग गॅसची फिल्टर आणि इंजेक्टर. याउलट पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर नाही, तर पेट्रोलचे इंजेक्टर बघा. वर्षभर गॅसवरच फिरवलेल्या गाडीत ते चिकटून बसलेले असतात. दोन्हीवर सारखीच मिसिंग असेल तर प्लग, कॉईल नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

आणि इथेनॉल. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतूनच ते पेट्रोलमध्ये जातं, त्यामुळे त्यावर बोलायला इथे प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. ई २० म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं हे खरं. टाकीत पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच उचलतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत किंवा टाकीत पावसाचं पाणी गेलेल्या गाडीत यामुळे मिसिंग येऊ शकते. पण ती चारी सिलिंडरमध्ये येईल. मिस एकाच सिलिंडरवर मोजले जात असतील तर पेट्रोलला शिव्या देऊ नका. तेच पेट्रोल बाकीचे तीन सिलिंडर मुकाट्याने जाळतायत. मिस सगळीकडे विखुरलेले असतील, म्हणजे पी ०३००, तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी तपासा: पेट्रोलचं प्रेशर, फिल्टर, चोरवाटेची हवा, क्रँक सेन्सर.

स्कॅनरवर "मिश्रण पातळ" असंही दिसलं तर जरा थांबा. न पेटलेल्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजनही सायलेन्सरमध्ये जातो. तिथला सेन्सर मोजतो फक्त ऑक्सिजन, त्यामुळे त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू आणखी पेट्रोल ओतते आणि ॲव्हरेज कोसळतं. आधी मिसिंग काढा, मग तो कोड उरतो का ते बघा.

प्लग हलवला, कॉईल हलवली, तरी दोष दोन नंबरच्या सिलिंडरलाच चिकटून राहिला. आता वायरिंग बघा. ऊसतोड झाली की शिवारातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. इंजेक्टरची एक वायर कुरतडली की सिलिंडर बंद. मल्टिमीटरने कनेक्टरपर्यंत सप्लाय येतोय का ते पाच मिनिटांत कळतं. वायरही ठीक असेल तर इंजेक्टर शेजारच्याशी बदलून बघा.

तिथेही काही नसेल तर राहतं ते कॉम्प्रेशन. प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा. पेट्रोल इंजिनात सहसा १० ते १४ बार दाब मिळतो, पण आकड्यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथेच दुखणं आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंग गेल्यात, कारण ऑईलने ती फट तात्पुरती बुजवली. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट.

याहून छान परीक्षा म्हणजे पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. थ्रॉटलमधून सुस्कारा आला तर इनलेट व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑईलच्या झाकणातून आला तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. (रेडिएटरचं झाकण गार इंजिनालाच उघडायचं.) हेड न खोलता नेमकी जागा सापडते. इंजिन खोलायचा सल्ला कुणी ही परीक्षा न करताच दिला, तर दुसऱ्या गॅरेजला विचारून या. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. वेळेत सापडलं तर कधी कधी फट परत लावून काम भागतं.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे तिथे संशयित कमी: इंजेक्टर, डिझेलचं प्रेशर, कॉम्प्रेशन. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला एकेक छोटी बाटली लावतात आणि ठरावीक वेळ इंजिन चालवतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं, तो इंजेक्टर आतून गळतोय.

दुरुस्ती झाली की कोड पुसून लगेच गाडी ताब्यात घेऊ नका. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची मिसची मोजणी लाइव्ह दिसते. मिस्त्रीला शेजारी बसवून, मिसिंग यायची त्याच रस्त्याला गाडी न्या आणि ते आकडे बघा. सगळ्या सिलिंडरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ राहायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू करून पुन्हा बघा. लाइट लागण्याआधीचे 'पेंडिंग' कोड वेगळे वाचता येतात, तेही तपासायला सांगा. बदललेला पार्ट परत मागून घ्या आणि बिलावर सिलिंडरचा नंबर लिहून घ्या. सगळ्या कॉईल एकाच वयाच्या असतात. काही महिन्यांनी पी ०३०३ आला, तर आधीचं काम फसलं की आता आणखी एखादी जुनी कॉईल दमली, हे त्या नंबरावरून ठरवता येतं.